कार्ब्युरेटरचं किट आणलंत? मग जुना जेट अजून फेकू नका

आमच्या घरची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल १९८९ची. वडिलांनी घेतली, मी ढापली. मागच्या पावसाळ्यात ती ओव्हर व्हायला लागली, म्हणजे कार्ब्युरेटर भरून पेट्रोल बाहेर वाहायला लागलं. रात्री पोर्चमध्ये लावायची आणि सकाळी इंजिनखाली फरशीवर पेट्रोलचा डाग. दुकानातून कार्ब्युरेटरचं किट आणलं. रविवारी सकाळी बसून सगळं नवं टाकलं : जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी पार्ट), सुई, पॅकिंग, ओ-रिंगा. जुनं पितळ काळं पडलेलं, नवं सोन्यासारखं चमकणारं. समाधानानं किक मारली.

गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली. मधल्या रेसला घुसमटायची, प्लगवर चार दिवसांत काजळी, ॲव्हरेज तर विचारूच नका. मिस्त्रींचं म्हणणं, "किट टाकलंय ना? मग कार्ब्युरेटर ओके आहे. आता बोअर बघायला लागंल." बोअर (पिस्टन ज्यात खालीवर होतो तो सिलिंडरचा पोकळ भाग) ठणठणीत होता. दोष नव्या पितळात होता. तो सापडायला मला दोन महिने लागले, कारण नवा पार्ट चुकीचा असू शकतो हे डोक्यातच येत नव्हतं.

एस्कॉर्ट्सनं यामाहाबरोबर ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनवली. म्हणजे सगळ्यात शेवटची आरएक्ससुद्धा आता तिशीच्या घरात आहे. येझदी, राजदूत, जुनी बुलेट याही अशाच म्हाताऱ्या. या गाड्या आता कंपनीच्या पार्टवर चालत नाहीत, बाजारात जे मिळेल त्याच्यावर चालतात. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये नवा पार्ट टाकताना नेमकं काय बघायचं, ते जरा नीट सांगतो.

फ्लिटचा पंप आणि बॉलकॉक

जुन्या घरांत डास मारायचा फ्लिटचा पंप असायचा. दांडा पुढे सारला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जायची आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर चढून फवाऱ्यात मिसळायचं. कार्ब्युरेटर म्हणजे तेच. हवा अरुंद जागेतून वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. फरक एवढाच, की डासाला थोडं जास्त औषध लागलं तर बिघडत नाही. इंजिनाला मात्र साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनानं, असं प्रमाण लागतं. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच, कमी पडलं तर लीन.

वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखायचं काम फ्लोटचं. संडासच्या फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक बघितलाय ना, तोच प्रकार. पातळी चढली की फ्लोट वर येतो, एक छोटी सुई भोकात जाऊन बसते, पेट्रोल थांबतं. सुई नीट बसली नाही की गाडी ओव्हर.

आता मुख्य गंमत. रेसची केबल ओढली की कार्ब्युरेटरमधली स्लाइड वर उचलली जाते. तिच्या पोटातून एक लांब निमुळती सुई खाली लोंबते आणि एका पितळी नळीत उतरते. या नळीला नीडल जेट म्हणतात. स्लाइड वर गेली की सुईचा बारीक भाग नळीत येतो, फट वाढते, पेट्रोल जास्त येतं. रेस पूर्ण सोडलेली असताना पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून. तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडच्या कडेचा तिरपा काप मिश्रण ठरवतो. पावपासून पाऊण रेसपर्यंत राज्य सुईचं आणि नीडल जेटचं. मेन जेटची वेळ येते ती त्यानंतर, शेवटच्या पाव भागात.

हे भाग रेसच्या उघडण्यावर ठरतात, गाडीच्या वेगावर नाही. चौथ्या गिअरला चाळीसनं चाललात म्हणजे रेस पाव उघडलेली असू शकते आणि आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याकडून वर चढताना त्याच चाळीसला पाऊण. मी मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय आणि मुठीशेजारच्या न फिरणाऱ्या भागावर चार रेघा मारून ठेवल्या आहेत. गाडी कुठं घुसमटते ते रेघ बघून कळतं, आणि रेघेवरून कुठला पार्ट ते. मिस्त्रीकडे जाऊन "पिकअप नाही" म्हणण्यापेक्षा "अर्ध्या रेसला अडखळते" म्हटलं, तर निम्मं काम तिथंच होतं.

माझी गाडी अर्ध्या रेसलाच घुसमटत होती. म्हणजे सुई आणि नीडल जेट. दोन्ही नवे.

केसाच्या जाडीचा हिशेब

मिकुनी या जपानी कंपनीच्या नीडल जेटवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. ओ-८, पी-०, पी-४ असं काहीतरी. त्याचा अर्थ एकदा समजला की विसरत नाही. पी-० म्हणजे भोक २.६५० मिलिमीटर. अक्षर एकानं पुढे गेलं की ०.०५ वाढतं, म्हणून क्यू-० हा २.७००. आकडा एकानं वाढला की ०.००५ वाढतं. पी-४ म्हणजे २.६७०.

पी-० आणि पी-४ यांच्यात फरक किती? मिलिमीटरचे दोन शतांश. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्यानं काय होतंय, असं वाटतं. पण पेट्रोल अख्ख्या भोकातून येत नाही हे लक्षात घ्या. भोकाच्या मध्ये सुई उभी आहे. पेट्रोल येतं ते सुईभोवतीच्या बारीक कड्यातून. समजा सुईचा वरचा सरळ भाग २.५१५ मिलिमीटर जाड आहे. २.६५०च्या भोकात या कड्याचं जे क्षेत्रफळ होतं, त्यापेक्षा २.६७०च्या भोकात ते पंधरा टक्क्यांनी जास्त भरतं. शाळेतलं वर्तुळाचं सूत्र घालून स्वतः करून बघा. केसाचा तिसरा हिस्सा आणि पंधरा टक्के पेट्रोल.

म्हणूनच जुन्या गाडीत सगळ्यात आधी झिजतो आणि सगळ्यात शेवटी सापडतो तो हा जेट. इंजिनाच्या थरथरीनं सुई वर्षानुवर्षं त्याच्या कडेला घासत राहते आणि गोल भोक अंडाकृती होतं. घड्याळजीचं भिंग लावून उजेडाकडे धरलं तर दिसतं. सुईवरही वरच्या भागात चकचकीत पट्टा पडलेला असतो. बोटाच्या नखाला तिथं पायरी लागली तर ती सुई गेली. सुई आणि नीडल जेट नेहमी जोडीनं बदलावेत. झिजलेल्या सुईला नवा जेट देऊन निम्माच गुण येतो.

मी दोन्ही जेट घेऊन उद्यमनगरात एका मित्राच्या टूलरूममध्ये गेलो. तिथं पिन गेज असतात, म्हणजे ०.०१च्या फरकानं केलेल्या पोलादी काड्यांचा लाकडी डबा. त्यानं जुना जेट घेतला, एकेक काडी घालत गेला. एक गेली, दुसरी गेली, तिसरी अडली. मग किटमधला नवा घेतला. तिसरी गेली. चौथी गेली. पाचवी अडली. भिंगातून बघून म्हणाला, "भावा, ह्यो नवा तुझ्या जुन्यापेक्षा मोठा हाय की रं. आणि भोकात बघ, ड्रिलच्या रेघा तशाच सोडल्यात."

नव्या जेटवर शिक्का मात्र तोच होता. जुन्यावर होता तोच, अक्षर न् अक्षर. शिक्का मारायला काय लागतंय?

(पिन गेजबद्दल एक सांगतो. भोक अंडाकृती झालं असेल तर काडी त्याचा अरुंद व्यासच दाखवते. म्हणून काडी आणि भिंग दोन्ही लागतं. माझा जुना जेटही किंचित लांबट झालाच होता, पण नव्यापेक्षा बरा होता.)

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून तपासल्याशिवाय जुना टाकायचा नाही. लांबी, आटे, आडवी भोकं किती आणि कुठं, टोकाचा आकार. नीडल जेटच्या अंगावर हवेची भोकं असतात, ती एका कार्ब्युरेटरला एक आणि दुसऱ्याला बरीच अशी वेगळी असू शकतात. आटे जुळले म्हणून जेट बसतो, पण चालत नाही. अस्सल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती असली म्हणजे शंभर टक्के खरा असं नाही, पण नसली तर दुकानदाराशी बोलायला विषय मिळतो.

आकडा एक, माप वेगळं

मेन जेटवरच्या आकड्यानं बऱ्याच जणांची फसगत होते. मिकुनीतच षट्कोनी डोक्याचे जेट किती पेट्रोल वाहतं यावरून मोजलेले असतात आणि गोल डोक्याचे भोकाच्या व्यासावरून. अमल ही ब्रिटिश कंपनी वाहण्यावरून आकडा देते, जपानी केहिनचा हिशेब व्यासाचा. म्हणजे एकाचा १०० आणि दुसऱ्याचा १०० हे सख्खे भाऊ नाहीत, नुसते आडनावबंधू. जेट बदलताना त्याच जातीचा घ्यायचा, आकडा नंतर बघायचा.

आणि आता स्टोव्हची पिन. रॉकेलचे स्टोव्ह घरातून गेले, पिना गॅरेजमध्ये राहिल्या. पायलट जेट चोक झाला की मिस्त्री सवयीनं पिन मारतो. पिन पोलादी, जेट पितळी. दोनचार वेळा मारली की भोकाची कड खरवडली जाते आणि तो जेट कायमचा मोठा होतो. मग "स्लो सेटिंग लागत नाही", म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन एकसारखं चालत नाही, म्हणून एअर स्क्रूशी (पायलट जेटच्या मिश्रणातली हवा कमीजास्त करणारा स्क्रू) खेळ सुरू. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, उलट बाजूनं हवा मारा. अगदीच नाही निघालं तर लवचिक वायरचा एक तांब्याचा केस घ्या. तांबं पितळापेक्षा मऊ असतं.

गुजरीत सोनारांकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन असतं. ओळखीच्या सोनारानं दहा मिनिटं वापरू दिलं तर आतल्या वाटा अशा निघतात की बघत राहावं. आधी पेट्रोल पूर्ण पुसून, वाळवून न्या, नाहीतर ओळख संपेल.

एक गोष्ट मात्र करू नका. संडास साफ करायचं ॲसिड, लिंबू, चिंच. पितळ यांनी लखलखतं हे खरं, पण कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. ॲसिड जस्त खातं. बाहेरून पांढरी भुकटी आणि आतून खड्डे, असा कार्ब्युरेटर परत नीट होत नाही.

खोलतानाचं एक. आरएक्सच्या कार्ब्युरेटरचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या ड्रायव्हरचे नाहीत. जपानी फुलीचं टोक जरा वेगळं असतं. आपला ड्रायव्हर त्यात पूर्ण उतरत नाही, वर उचलला जातो आणि खाच गोल करून ठेवतो. जपानी मापाचा एक ड्रायव्हर घ्या, आयुष्यभर पुरतो. पायलट जेटसाठी मी एका जुन्या ड्रायव्हरचं पातं घासून बरोबर खाचेच्या रुंदीचं केलंय. हे सुचलं ते एका पायलट जेटचं डोकं मोडून आत बसल्यावर. ते काढायचे लेथवाल्यानं घेतलेले पैसे नव्या कार्ब्युरेटरच्या निम्मे होते. नवा जेट बसवताना नुसता टेकवायचा आणि हलकासा आवळायचा. पितळेचे आटे जस्तात आहेत, तिथं मर्दुमकी दाखवू नये.

वायसर विसरला की पातळी गेली

फ्लोटची सुई आणि तिची बैठक हाही जोडीचाच माल. सुईचं टोक काळ्या किंवा तपकिरी रबरी पदार्थाचं असतं, चांगल्यात व्हायटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं. जुन्या टोकावर भिंगातून बघितलं तर बैठकीच्या कडेचा गोल वण दिसतो. तो वण म्हणजेच फरशीवरचा डाग.

बैठकीखाली एक छोटा वायसर असतो. किटमध्ये तो जुन्यापेक्षा जाड किंवा पातळ येतो, कधी येतच नाही, आणि कधी जुना आतच चिकटलेला राहतो आणि त्यावर नवा बसतो. बैठक खालीवर झाली की सुई लवकर किंवा उशिरा बंद होते. फ्लोटच्या दांडीवर सुई टेकते ती जागा फ्लोटच्या बिजागरीजवळ असते, म्हणून वायसरमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पेट्रोलच्या पातळीत कितीतरी मोठा होऊन दिसतो. आणि पातळी चढली की सगळ्याच जेटमधून जास्त पेट्रोल यायला लागतं. पायलट, सुई, मेन, सगळीकडे गाडी रिच. मग लोक तिन्ही जेट लहान करत बसतात.

फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कार्ब्युरेटर उलटा धरून मोजायची. पण सुईच्या मागे एक बारीक स्प्रिंगवाली टाचणी असते, फ्लोटच्या वजनानं ती दबली तर माप खोटं येतं. म्हणून कार्ब्युरेटर जरा तिरका धरून, दांडी टाचणीला नुसती टेकेल इतपतच, तिथं मोजायचं.

माझा भरवसा मात्र दुसऱ्याच पद्धतीवर. गवंडी दोन भिंतींची लेव्हल कशी काढतो? पारदर्शक नळीत पाणी भरून. तेच इथं. वाटीच्या खालच्या बोल्टच्या जागी नळीचं तोंड बसवायचं, पारदर्शक नळी बाहेरून कार्ब्युरेटरला लागून वर धरायची आणि पेट्रोलचा कॉक चालू करायचा. आत जेवढं पेट्रोल, तेवढंच नळीत. बाहेरून डोळ्यांनी दिसतं. किट टाकण्याआधी एकदा बघून बॉडीवर पेन्सिलीनं खूण करा, टाकल्यावर परत बघा. अर्थात, आधी ओव्हर होत असेल तर ती खूण प्रमाण मानू नका.

पितळी फ्लोट असेल तर आधी कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर भोक आहे. खळखळलं नाही तरी गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि जिथून बुडबुडे येतात तिथं गळती. डाग द्यायचा तर आतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून, कावियानंच, उघड्या ज्योतीनं कधीच नाही. आणि कथील कमीत कमी, कारण फ्लोट जड झाला की परत पातळी चढली. आता मुद्दा निघालाच आहे तर : हे सगळं अंगणात करा. आमच्या घरी एकदा मी कार्ब्युरेटर सोप्यात खोलून बसलो होतो आणि आई निरांजन घेऊन तुळशीकडे निघाली होती. पुढचं लिहीत नाही.

उसाचं पेट्रोल

जून २०२२ला देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल झालं. फेब्रुवारी २०२३पासून वीस टक्क्यांचं ई२० पंपांवर यायला लागलं आणि आता ते सर्रास आहे. महाराष्ट्रात हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासूनच येतं. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस कारखान्यातून फिरून आमच्याच फ्लोटच्या वाटीत येतो. ऊस उत्पादक म्हणून मला आनंद आहे. आरएक्सचा मालक म्हणून जरा कमी.

कारणं दोन. पहिलं रबराचं. जुन्या रबरी ओ-रिंगा, पॅकिंगं, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या. काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात. किटमधलं रबर कशाचं आहे हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून मी एक जास्तीची ओ-रिंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये एक दिवस ठेवतो, दुसऱ्या दिवशी कोरड्या ओ-रिंगशेजारी धरतो. फुगली असेल तर डोळ्यांना दिसते. एका किटमधली तर चकली तळल्यासारखी फुगली होती. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जस्ताला चरतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलचं पावणेपंधरास एक हे प्रमाण ई२०ला साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त हवं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखतो. कार्ब्युरेटर बिचारा १९८९ सालच्या हिशेबानंच देत राहतो. इंजिनाच्या दृष्टीनं गाडी लीन झाली.

आता मागचे पंधरा टक्के आठवा. झिजलेला नीडल जेट गाडी रिच करतो, ई२० लीन करतं. बऱ्याच जुन्या गाड्या आज बऱ्या चालतात त्या या दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतल्यामुळे. मग तुम्ही किट टाकता, अगदी अस्सल, बरोबर मापाचं, आणि एक चूक दुरुस्त होते. दुसरी उघडी पडते. गाडी गरम व्हायला लागते, रेस सोडताना फटफट करते, आणि तुम्ही म्हणता ओरिजिनल पार्टसुद्धा डुप्लिकेट निघाला.

तेव्हा सुईची क्लिप बघा. सुईच्या वरच्या टोकाला बहुतेक पाच खाचा असतात, वरून मोजायच्या. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. मेन जेट एक पायरी मोठा घ्यावा लागू शकतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी (आरएक्स त्यातलीच) इथं आळस करू नये. लीन मिश्रण पूर्ण रेसला ताणलं तर पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो, आणि तो घाटातच होतो.

किटमध्ये जे नसतं

किटच्या पाकिटात स्लाइड नसते, बॉडी नसते, इंजिन आणि कार्ब्युरेटरमधला रबरी जोड नसतो. आणि तीस वर्षांच्या गाडीत खोट निम्म्या वेळा तिथंच असते.

रबरी जोड हातात घेऊन वाकवून बघा. आतल्या बाजूला तडे दिसले तर गाडी एअर घेतेय. अशी गाडी रेस सोडली तरी लवकर खाली येत नाही, आणि स्लो कधी वर कधी खाली. कुठल्याही जेटनं हे जाणार नाही. स्लाइडचंही तसंच. इंजिनाची ओढ तिला सतत इंजिनाच्या बाजूला दाबते, म्हणून झीज त्याच अंगाला जास्त. स्लाइड बॉडीत घालून बोटांनी हलवा. खुळखुळली तर शेजारून चोरटी हवा जाते. स्लाइडवर आकडा असतो, मिकुनीत तो कापाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतो. २.५च्या जागी ३.० बसवली तर पाव रेसपर्यंत गाडी लीन होते. आणि काप नेहमी एअर फिल्टरच्या बाजूला. उलटी बसवून किक मारली तर पहिल्याच किकेला गाडी ओरडत सुटेल, म्हणून पहिली किक मारताना चावीवर हात असू द्या.

या बाबतीत ब्रिटिश गाड्यांचं दुखणं मोठं. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन आणि आपल्याकडच्या काही जुन्या बुलेटवरचा कार्ब्युरेटर अमल. तीन ब्रिटिश कंपन्या १९२७च्या सुमारास एकत्र आल्या आणि एकत्रीकरणाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडलं. आपल्या भाषेत अमल म्हणजे ज्यात मळ नाही तो. ज्यानं एखादा खोलला असेल त्याला यातला विनोद कळेल. १९५५चा मोनोब्लॉक आणि १९६७चा कॉन्सेंट्रिक, दोन्हीत बॉडीही जस्ताची, स्लाइडही जस्ताची. एकाच धातूचे दोन भाग एकमेकांवर घासले की लवकर झिजतात. आता त्यावर ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची स्लाइड मिळते, ती बरीच टिकते. पण बॉडीच अंडाकृती झाली असेल तर नवी स्लाइड तात्पुरता उपाय. मग बॉडी आतून कापून मोठी करून तिच्यात स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवायची किंवा नवा अमल मागवायचा. तो अजूनही इंग्लंडमध्ये बनतो, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. अमलचे आटे ब्रिटिश मापाचे असतात. मेट्रिक स्क्रू दोन फेरे गोडीगुलाबीनं जातो आणि तिसऱ्याला आटे मारतो.

अमलचं फ्लँज, म्हणजे इंजिनाला नटांनी आवळायची सपाट पाटी, हे आणखी एक प्रकरण. गळतंय म्हणून दोन नट करकचून आवळायचे, त्यानं फ्लँज केळ्यासारखं वाकायचं, मग जास्त गळायचं, मग अजून आवळायचं. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज त्यावर फिरवलं की वाक दिसतो. मधे घासलं जात नसेल तर सपाट होईपर्यंत फिरवत राहायचं, नवी ओ-रिंग घालायची आणि नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळायचे.

लावल्यानंतर

सगळं एकदम बदलू नका, हे मी स्वतःला दोन महिन्यांनी सांगितलं. आधी फ्लोटची सुई आणि पातळी. ओव्हर बंद झालं का बघा, दोन दिवस चालवा. मग नीडल जेट आणि सुई. मेन आणि पायलट जेट जुनेच चांगले असतील तर नुसते धुऊन परत बसवा. इंजिन गरम असतानाच स्लो सेटिंग करायचं. आरएक्सचा एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, तो आत आवळला की हवा कमी होऊन मिश्रण रिच होतं. ज्या कार्ब्युरेटरला हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथं तो पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं. इंजिन जिथं सगळ्यात वेगानं आणि एकसारखं फिरतं तिथं स्क्रू ठेवायचा आणि मग स्लोचा आवाज खाली आणायचा.

माझ्या गाडीत शेवटी टूलरूममध्ये मापलेला दुसरा नीडल जेट बसला, चार दुकानं फिरून, काड्यांचा डबा बरोबर घेऊन. तिसऱ्या दुकानदारानं "डॉक्टर काय हो तुम्ही?" असं विचारलं. सुई नवी, क्लिप एक खाच खाली, मेन जेट एक पायरी मोठा. प्लगचा रंग आता खारी बिस्किटासारखा येतो. जुना जेट फोटोच्या रोलच्या डबीत आहे, डबीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शिक्का आणि काडीचं माप पेनानं लिहिलेलं. किटमधला तो चमकणारा नवा जेटही त्याच डबीत ठेवलाय, पण त्याला लाल दोरा बांधून, म्हणजे माझ्यामागं पोरानं तो चुकून बसवायला नको.